जळणाची वाट: जपानचा राजनय आणि महाराष्ट्राचा किनारा



ज्या घराला जळण बाहेरून आणावे लागते, त्या घराला वाटेवरच्या प्रत्येकाशी बोलणे राखावे लागते. जपानचा राजनय, म्हणजे युद्धाचा अवलंब न करता वाटाघाटी, करार आणि अर्थसाहाय्य यांच्या आधारे परराष्ट्रांशी संबंध राखण्याची त्या देशाची रीत, या एका वस्तुस्थितीतून बराचसा उलगडतो. जपान आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ९० टक्क्यांहून अधिक तेल पश्चिम आशियातून आणतो. त्यामुळे सागरी सुरक्षितता आणि ऊर्जापुरवठा हे तेथील राज्यकर्त्यांना एकाच खात्याचे दोन रकाने वाटतात. त्या खात्यातल्या काही नोंदी पुण्यात, कोकणात आणि बेळगावातही पडल्या आहेत आणि त्या येथूनच वाचल्या गेल्या पाहिजेत, असे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे.

पुण्याला जपान नवा नाही. १९१५ साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून महर्षी कर्वे यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, ती तोक्यो येथील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. आणि पुढच्याच वर्षी हिंगण्याला ते विद्यापीठ उभे राहिले. त्याआधी, १९०८ मध्ये, पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तेव्हा त्याची धुरा जपानात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. सिंहगड रस्त्यावरच्या, ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून उभारलेल्या उद्यानाला ‘पूर्वरंग’मधून मराठी वाचकाला जपान दाखवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. मात्र या परिचयातला जपान शिक्षणाचा, उद्योगाचा आणि सौंदर्यदृष्टीचा आहे. ऋणको देशांना दीर्घ मुदतीची कर्जे देणारा, इंधनाच्या करारांतली कलमे घासून पाहणारा आणि नौदलांच्या संयुक्त सरावांत भाग घेणारा जपान मराठी अभ्यासविश्वात अजून पुरेसा आलेला नाही.

प्रथम दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. ‘मित्रराष्ट्र’ ही संज्ञा काटेकोर अर्थाने परस्पर-संरक्षणाच्या कराराने बांधलेल्या देशाला लागू होते. १९५१ च्या आणि १९६० मध्ये सुधारलेल्या सुरक्षा करारामुळे जपानच्या बाबतीत असा देश म्हणजे अमेरिका. भारत हा जपानचा ‘भागीदार’ आहे: २००८ चे सुरक्षा सहकार्याचे संयुक्त घोषणापत्र, २०१५ चे संरक्षणसामग्री व गोपनीय माहितीविषयीचे करार आणि परस्परांच्या सैन्यांना इंधन, अन्न, सुटे भाग व वाहतूक पुरवण्याविषयीचा सप्टेंबर २०२० चा करार, अशा पायऱ्यांनी हे नाते वाढले असले, तरी एकावर हल्ला झाल्यास दुसऱ्याने लढावे असे बंधन त्यात कोठेही नाही. ‘ऊर्जासुरक्षा’ म्हणजे परवडणाऱ्या दरात आणि खंड न पडता इंधन मिळत राहण्याची हमी. तिच्यात साठा, पुरवठादारांची विविधता आणि वाहतुकीच्या मार्गाची निर्धोकता अशा तिन्ही गोष्टी येतात.

मित्रराष्ट्राशी असलेली बांधिलकी आणि जळणाची गरज यांत ताण आला की जपान काय करतो, हे १९७३ च्या तेलसंकटात प्रथम स्पष्ट दिसले. अरब देशांनी पुरवठा आवळताच नोव्हेंबर १९७३ मध्ये जपानने इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी असे निवेदन काढले आणि अमेरिकेच्या भूमिकेपासून आपले अंतर जाहीरपणे नोंदवले. तोच ताण २०१९ मध्ये पुन्हा जाणवला. अमेरिका व इराण यांच्यात मध्यस्थीचा प्रयत्न करण्यासाठी पंतप्रधान शिंझो आबे तेहरानला गेले असता, १३ जून रोजी, म्हणजे इराणच्या सर्वोच्च नेत्यांशी त्यांची भेट झाली त्याच दिवशी, ओमानच्या आखातात एका जपानी कंपनीच्या ‘कोकुका करेजस’ या जहाजावर हल्ला झाला. त्यानंतर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सागरी आघाडीत सामील न होता जपानने माहिती गोळा करण्यासाठी आपली युद्धनौका स्वतंत्रपणे पाठवली आणि तिचे कार्यक्षेत्र होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर ठेवले. भारतानेही जून २०१९ मध्येच ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू करून आपल्या जहाजांसाठी नौदल पाठवले होते. योकोहामाचे तेल आणि मुंबईच्या जवाहर द्वीपावर उतरणारे आखाती तेल बहुतांशी त्याच अरुंद सामुद्रधुनीतून बाहेर पडते. दोन्ही देशांच्या सागरी सहकार्याचा पाया भाषणांतल्या मैत्रीपेक्षा या भूगोलात अधिक आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये भारतीय संसदेपुढे बोलताना आबे यांनी हिंदी आणि प्रशांत या दोन महासागरांच्या संगमाची कल्पना मांडली आणि तिचे नाव मुघल राजपुत्र दारा शुकोहच्या ग्रंथावरून घेतले; २०१६ मध्ये नैरोबी येथे तिला ‘मुक्त आणि खुले हिंद-प्रशांत क्षेत्र’ असे धोरणाचे रूप मिळाले. त्यापुढचा प्रवास सर्वज्ञात असल्याने येथे नोंदीपुरता पुरे: भारत व अमेरिका यांच्या ‘मलबार’ सरावात जपान २०१५ पासून कायम सहभागी झाला, डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणाने संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले, आणि युद्धाचा त्याग करणाऱ्या संविधानाच्या नवव्या कलमाचा अर्थ टप्प्याटप्प्याने सैल होत गेला. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. तेथे २७ फेब्रुवारी ते १० मार्च २०२२ या काळात या रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनने जपानी भूदलाच्या ३० व्या इन्फन्ट्री रेजिमेंटबरोबर ‘धर्म गार्डियन’ हा सराव केला. सैनिकांची संख्या लहान होती. पण एकमेकांचे इशारे, हुकूम आणि शिस्त समजल्याशिवाय कागदावरचे करार रानात उपयोगी पडत नाहीत, एवढे त्यातून दोन्ही बाजूंना शिकता आले.

ऊर्जासहकार्याचे स्वरूप कळण्यासाठी द्रवरूप नैसर्गिक वायूचा व्यापार पाहणे उपयुक्त ठरते. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचे घनफळ सुमारे सहाशेपटींनी घटते आणि तो जहाजातून नेता येतो. जपानने १९६९ मध्ये अलास्काहून असे पहिले जहाज आणले आणि पुढे या वायूची आशियाई बाजारपेठ घडवली. मात्र जुन्या करारांत, घेतलेला माल ठरलेल्या बंदरातच उतरवावा, तो इतरत्र विकू नये, अशी अट असे. ग्राहकाकडे वायू उरला तरी तो शेजाऱ्याला देता येत नसे. २०१७ मध्ये जपानच्या स्पर्धा नियामकाने अशा अटींवर आक्षेप घेतला आणि त्याच वर्षी भारत व जपान यांनी अधिक लवचिक बाजारासाठी सहकार्याचा करार केला. पण कराराच्या लवचिकतेला बंदराचीही जोड लागते. लाटा अडवणारी भिंत पूर्ण नसल्याने दाभोळच्या वायू टर्मिनलला वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाज लागू शकत नसे, ही गोष्ट ऊर्जाराजनयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

या साऱ्या चर्चेची खरी कसोटी मात्र राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर लागते. तेथील जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी प्रत्येकी १६५० मेगावॉट क्षमतेच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या योजल्या आहेत. डिसेंबर २०१० मध्ये त्याविषयी भारत आणि फ्रान्स यांच्यातील कंपन्यांत प्राथमिक करार झाला. अणुइंधन ज्यात बसवले जाते, त्या प्रचंड पोलादी भांड्याचे अखंड घडीव भाग तयार करणारे कारखाने जगात मोजके आहेत आणि त्यांत जपानचा कारखाना अग्रगण्य आहे. शिवाय अमेरिकी अणुउद्योगातही त्या काळी जपानी भांडवल गुंतलेले होते. त्यामुळे फ्रान्स वा अमेरिकेशी केलेला करार अमलात येण्यासाठी तोक्योची संमती लागत होती. अणुबाँबचा आघात सोसलेल्या, आणि १९९८ च्या चाचण्यांनंतर भारताचे नवे अर्थसाहाय्य २००१ पर्यंत थांबवणाऱ्या जपानला ही संमती देणे सोपे नव्हते. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी नागरी अणुसहकार्य करार झाला, तेव्हा सोबतच्या स्वतंत्र टिपणात चाचणीबंदीविषयी भारताने सप्टेंबर २००८ मध्ये केलेल्या निवेदनाचा हवाला देण्यात आला. करार जुलै २०१७ मध्ये अमलात आला.

या दोन तारखांच्या मागे मात्र आणखी दोन तारखा आहेत. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राची दुर्घटना घडली आणि १८ एप्रिलला साखरी नाटे येथे जैतापूर प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. नाट्याच्या मच्छीमाराला समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची, तर बागायतदाराला हापूसच्या मोहराची चिंता होती. त्यांच्या शंकांना फुकुशिमाने दूरचित्रवाणीवर रूप दिले. तेलाच्या वाटेतला धोका कमी व्हावा म्हणून अणुऊर्जा, हा हिशेब राष्ट्राच्या पातळीवर बरोबर असू शकतो. पण त्या हिशेबात टळलेला धोका देशभर वाटला जातो आणि पत्करलेला धोका एका गावाच्या वाट्याला येतो. जपानच्या किनाऱ्यावरच्या गावांनाही हाच अनुभव आला आहे. तेव्हा नाटे आणि फुकुशिमा यांचा तौलनिक अभ्यास हे मराठी समाजशास्त्रज्ञांचे स्वाभाविक कार्यक्षेत्र ठरते.

वाटाघाटी आणि करार यांच्या जोडीला जपानच्या राजनयाचे तिसरे साधन म्हणजे येनमधले कर्ज. जपानने असे पहिले कर्ज १९५८ मध्ये दिले, ते भारतालाच. मुंबईचा अटल सेतू आणि भुयारी मेट्रो यांत या कर्जाचा वाटा आहे आणि पुण्याच्या मुळा-मुठेतही आहे: जानेवारी २०१६ मध्ये सुमारे १९ अब्ज येनचा करार झाला, ज्यातून ११ ठिकाणी मिळून रोज ३९.६ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता उभारायची होती. व्याज अत्यल्प आणि मुदत ४० वर्षांची. कर्ज केंद्र सरकारचे आणि महापालिकेला मात्र प्रकल्पखर्चाच्या ८५ टक्के अनुदान. तरीही निविदा आणि जागांच्या प्रश्नांत वर्षे गेली. स्वस्त कर्ज मिळवणे हे दिल्लीचे काम असते, ते वेळेत वापरणे हे गावाचे. धनकोची चिकाटी ऋणकोला उसनी घेता येत नाही.

या विवेचनातून जपानविषयी भाबडा आदर निर्माण होऊ नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते जपानी आक्रमणाने जखमी झालेल्यांची शुश्रूषा करण्यासाठी, आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. आज तोक्योच्या शस्त्रसज्जतेकडे आशियातील काही देश साशंकतेने का पाहतात, हे समजण्यासाठी मराठी माणसाला परदेशी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. रशियाविषयीही भारत आणि जपान यांची भाषा वेगळी आहे. परंतु सखालिनच्या तेलक्षेत्रात भारतीय आणि जपानी कंपन्या एकाच प्रकल्पात भागीदार राहिल्या आहेत. भाषेत भेद आणि जळणात ऐक्य, असे हे नाते आहे.

पुण्यात दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी जपानी भाषेच्या परीक्षांना बसतात आणि त्यांतले अनेक वाहन व संगणक उद्योगांत दुभाषे म्हणून जातात. त्यांतल्या काहींना जपानी संसदेतील चर्चा, फुकुशिमाच्या चौकशीचे अहवाल आणि किनारी गावांच्या नोंदी मराठीत आणण्यासाठी विद्यापीठांनी शिष्यवृत्ती द्याव्यात, ही या परिषदेपुढील सूचना आहे. कर्वे यांनी एका माहितीपुस्तिकेतून एक विद्यापीठ उभे केले, कारण ती वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर येथील विधवा आणि मुली होत्या. कराराची कलमे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाट्याची होडी आणि मुठेचे पाणी असले, तर जपानचा राजनय मराठीत नीट समजला असे म्हणता येईल.