शोमालीच्या द्राक्षबागा

काबूलच्या उत्तरेला शोमालीचं मैदान आहे. द्राक्षं आणि बेदाण्यांसाठी नावाजलेलं. सोव्हिएत फौजांच्या काळापासून इथे लढाया होत राहिल्या आणि शेतांत, पाटांच्या कडेला, पडक्या घरांत भूसुरुंग पेरले गेले. १९९९ मध्ये तालिबानने बागा जाळल्या, वेली तोडल्या, माणसं हुसकावली.

परतलेल्या शेतकऱ्याला स्वतःची जमीन दिसत होती, पण तिथे पाऊल टाकता येत नव्हतं.

सुरुंग शोधणं हे विलक्षण चिकाटीचं काम. आखलेल्या पट्टीत शोधयंत्र फिरवायचं, आवाज आला की हलक्या हाताने माती खरवडायची. बहुतेक वेळा निघतो गंजका खिळा किंवा पत्रा. तरी पुढच्या आवाजाला तेवढंच सावध राहावं लागतं. ‘हेलो ट्रस्ट’ची पथकं अफगाणिस्तानात १९८८ पासून हेच करत आली.

पण सुरुंग काढून निघून जाणं म्हणजे अर्धंच काम. कॅलिफोर्नियाच्या हायडी कून यांनी १९९७ मध्ये स्थापलेल्या ‘रूट्स ऑफ पीस’ने उरलेलं अर्धं अंगावर घेतलं. शोमालीत वेली मातीच्या वरंब्यांवर पसरत, घड जमिनीला टेकून खराब होत. संस्थेने खांब-तारांचा आधार आणि नेमकी छाटणी शिकवली. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला याचं मोल वेगळं सांगायला नको! घडांना हवा मिळाली, माल सुधारला, ताजी द्राक्षं भारताच्या बाजारापर्यंत पोहोचली.

कून यांना २०२३ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. व्हिएतनामच्या क्वांग त्री प्रांतात, बॉम्ब आणि सुरुंगांपासून मोकळ्या केलेल्या जमिनीवर, याच संस्थेच्या मदतीने शेतकरी मिऱ्याचे वेल लावतात.