फुकट पीठ आणि फुकट अक्षरें

छत्रपति संभाजीनगरची पाणचक्की बहुतेकांनीं पाहिलेली असेल. शहराबाहेरून मातीच्या नळांनीं आणलेल्या पाण्यावर ती चाले आणि यात्रेकरूंचें व फकिरांचें धान्य दळून देई. पीठ ज्याचें त्याचें. पण चक्कीचें जातेंच कोणीं उचलून बाजारांत मांडलें असतें तर?

याच शहरांतील एखादा तरुण दुकानदारांसाठीं हिशेबाचें सॉफ्टवेअर रचीत आहे, असें समजा. बिलें मराठींत हवींत. ‘लोहित’ हा फाँट त्यास फुकट मिळतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून रेड हॅट कंपनीनें तो करवून घेतला व सर्वांस खुला केला. आज त्यावर एस. आय. एल. संस्थेचा मुक्त फाँट परवाना आहे. त्याप्रमाणें या अक्षरांनीं छापलेलें बिल सर्वस्वीं दुकानदाराचें. सॉफ्टवेअरबरोबर फाँट देऊन दाम घेण्यासहि हरकत नाहीं. मात्र नुसता फाँट विकतां येत नाहीं, आणि मूळ परवान्याचा कागद सोबत द्यावा लागतो. ‘ळ’चें वळण सुधारून कोणीं नवा फाँट केला, तरी तो याच परवान्याखालीं वांटावा लागतो.

इथवर सोपें आहे. खरी मेख पुढें आहे. छपाई, तारखा, आलेख यांसाठीं दुसऱ्यांनीं रचलेले तयार भाग घ्यावे लागतात. त्यांस लायब्ररी म्हणतात. तीवर एम. आय. टी. परवाना असेल, तर कर्त्याचें नांव व परवाना राखला कीं झालें. पण जी. पी. एल. असेल आणि ती आपल्या सॉफ्टवेअरांत मिसळून विकली, तर ग्राहकास सगळ्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता देणें भाग पडतें. धंदा करणारास हें जड जातें, म्हणून १९९१ सालीं लायब्रऱ्यांकरितां सौम्य एल. जी. पी. एल. निघाला. त्यांत स्वतःची संहिता झांकून ठेवतां येते. लायब्ररींत केलेले फेरफार मात्र उघडे करावे लागतात.

तरुण मंडळी हे कागद वाचीत नाहींत, हें नवल नव्हे. ते रुक्षच असतात. अमेरिकेंत खेळांतल्या आगगाड्या चालविणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरवरून तंटा झाला. प्रतिपक्षानें त्यांतील भाग घेतले, पण कर्त्यांचीं नांवें गाळलीं. २००८ सालीं अपील-न्यायालयानें ठरविलें कीं, अशी अट मोडल्यास कॉपीराइटचा भंग होऊं शकतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांतहि संगणकाची प्रणाली आज वाङ्मयकृतींतच मोडते.