पुढे शिकायचे, पण कशासाठी?

(वसतिगृहाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पत्रिकेवर माझा विषय ‘उच्च शिक्षणाची प्रेरणा’ असा छापला आहे. ताईंचा फोन आला तेव्हा मी हो म्हटले खरे, पण नंतर मलाच हसू आले. भातकापणी उरकून आईबाप वीटभट्टीवर गेलेले असताना, धाकट्या भावंडांना सांभाळत ज्यांनी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून पदवीपर्यंत मजल मारली, त्यांना मी कसली प्रेरणा देणार? म्हणून आज प्रेरणा बाजूला ठेवते आणि हिशेबाचे बोलते. २८ वर्षे अर्थशास्त्र शिकवले, ती सवय काही जात नाही.

तुमच्यापैकी काहींचा यंदा पदवीचा निकाल लागेल. रविवारी उपासना संपली की आवारात आम्ही सगळे तुम्हांला गाठतो आणि विचारतो, “मग, पुढे काय?” विचारतो प्रेमानेच. पण त्या प्रश्नाने पोरांची कशी त्रेधा उडते ते मी पाहिले आहे. “नोकरी शोधतोय” म्हटले की आमचे चेहरे पडतात. “एम.ए. करतोय” म्हटले की आम्ही पाठ थोपटतो, आणि पुढची दोन वर्षे पुन्हा कोणी विचारत नाही. मी स्वतः असेच एम.ए. केले. लगेच नोकरी लागली नाही, घरी बसले तर लग्न ठरवतील, मग काय, घेतला प्रवेश. माझे निभावले, कारण त्या काळी तालुक्यातालुक्यांत नवी कॉलेजे निघत होती आणि माणसे हवी होती. त्यात माझी हुशारी थोडी आणि काळाची कृपा जास्त. पण पुढे कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना तोच रस्ता दाखवत राहिले, जणू काळ बदललाच नव्हता.

त्यातल्या एका मुलाविषयी सांगते. नाव सांगत नाही. डहाणूकडचा, वारली समाजातला, अक्षर सुंदर, अभ्यासात चांगला. बी.ए.ला पहिल्या वर्गात आला तेव्हा मी त्याला बोलावून म्हटले, “एम.ए. कर, सेट दे, माझ्यासारखा प्राध्यापक हो.” त्याने मान डोलावली. एम.ए. झाले. सेटचे तीन प्रयत्न झाले, तिसऱ्यात पासही झाला. मग तासिका तत्त्वावर शिकवू लागला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास घ्याल तेवढेच मानधन, तेही अनेकदा महिनोन्‌महिने रखडते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. कायम जागेची जाहिरात निघेल निघेल म्हणत पाच वर्षे गेली. एकदा तो घरी भेटायला आला होता. चहा पिताना सहज म्हणाला, “मॅडम, मला ग्रामसेवक व्हायचं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत.”

खरे होते ते. मी विचारलेच नव्हते.

आता दुसरी गोष्ट, ही उलट बाजूची. तलासरीकडची एक मुलगी, याच परिसरात वाढलेली. तिला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.ला, मुंबईत प्रवेश मिळत होता. त्याच आठवड्यात बालवाडीत एक जागा रिकामी झाली. आम्ही चार मोठी माणसे बसलो आणि ठरवून टाकले: घरची गरज आहे, हातची नोकरी सोडू नये, शिवाय मुंबईत मुलगी एकटी कशी राहील? मीही त्या चौघांत होते. तिने नोकरी धरली, आजही मन लावून करते. पण तेव्हा तिच्याकडे एक प्रश्न होता. तिच्या पाड्यावर सिकलसेलचे रुग्ण होते. दवाखान्यात तपासणी होते, गोळ्या मिळतात, तरी बाया गोळ्या मध्येच का सोडतात, याचा तिला शोध घ्यायचा होता. तिने घरोघर फिरून एका वहीत लिहूनही ठेवले होते. ती वही तिने मला दाखवली आणि मी “छान आहे” म्हणून परत दिली! अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या हातात एका संशोधनाची सुरुवात होती आणि तिला ती ओळखता आली नाही.

ज्याला जायचे नव्हते त्याला मी पाठवले, आणि जिला जायला हवे होते तिला अडवले. दोन्ही वेळा माझा हेतू चांगला होता. म्हणून तुम्हांला सांगते, पुढे शिकायचे की नाही हे आमच्या कौतुकावरून ठरवू नका आणि आमच्या काळजीवरूनही ठरवू नका.

मग कशावरून ठरवायचे? आधी हे पाहा की तुम्हांला जे काम करायचे आहे त्याला ती पदवी खरोखर लागते का. तलाठी व्हायला एम.ए. लागत नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेला आणि दिल्लीच्या यूपीएससीला पदवी पुरते. तिथे वय आणि तयारी महत्त्वाची, आणि एम.ए.च्या दोन वर्षांत वय मात्र दोन वर्षांनी वाढते. पहिली ते पाचवीचे शिक्षक व्हायचे असेल तर डी.एल.एड. हवे. बी.एड. करून प्राथमिक शाळेत लागू अशा आशेवर राहू नका, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तो रस्ता बंद केला आहे. दरवर्षी आपल्यातली दोन-तीन मुले हे न पाहता फी भरून मोकळी होतात.

उलट काही दारे पदव्युत्तर पदवीशिवाय उघडतच नाहीत. सहायक प्राध्यापक व्हायचे तर संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी हवी, अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला ५५ ऐवजी ५० टक्के चालतात, आणि वर नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवक व्हायचे तर एम.एस.डब्ल्यू. विचारतात. संशोधन करायचे तर पुढे शिकावेच लागते.

कधी कधी मुलाला हवे असते एक आणि तो नाव घेतो दुसऱ्याच पदवीचे. मागच्या वर्षी एकजण राज्यशास्त्रात एम.ए. करायचे म्हणून सल्ल्याला आला. या वेळी मी शहाणी झाले होते, विचारले, “का रे?” बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. शेवटी कळले, त्याच्या वडिलांचा वनहक्काचा दावा फेटाळला गेला होता. २००६ च्या कायद्याखाली अर्ज केला, पुरावे जोडले, तरी नामंजूर. का नामंजूर ते घरात कोणालाच वाचता येईना, आणि गावात असे बरेच दावे पडून. त्याला राज्यशास्त्र नको होते, त्याला कायदा हवा होता! पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम असतो हे त्याला माहीतच नव्हते. आता तो पहिल्या वर्षाला आहे. वकील होईल की नाही ते मी आज सांगू शकत नाही, पण पुस्तक उघडताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणाचा कागद असतो ते मला ठाऊक आहे.

समाजकार्याचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, ती आपल्या मंडळ्यांच्या इतिहासातली आहे आणि आपण ती विसरलो आहोत. मुंबईला नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी काम करीत होते. गिरणी-गोदीतली माणसे, गर्दीच्या चाळी, आजार, बेकारी हे रोजचे पाहणे. नुसत्या दयाबुद्धीने हे काम होत नाही, त्यासाठी शिकलेली माणसे लागतात, असे त्यांचे मत झाले. टाटा विश्वस्त निधीच्या पैशातून १९३६ साली तिथे एक शाळा निघाली: सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ पासून तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतात, आणि आता ती देवनारला आहे. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. वस्तीतले काम आधी होते, शाळा मागून आली. आमच्या त्या मुलीची वहीही तशीच होती.

आणखी एक नाव सांगते, डॉ. राम दयाल मुंडा. आजच्या झारखंडातल्या एका मुंडा कुटुंबात १९३९ साली जन्मले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. केली, मिनेसोटा विद्यापीठात शिकवले. तिथेच राहिले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रांचीला परतले आणि रांची विद्यापीठात आदिवासी व प्रादेशिक भाषांचा विभाग उभा केला. पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या भाषेत आई ओरडते त्या भाषेचा विद्यापीठात विभाग असू शकतो, हे तिथल्या मुलांना त्यांच्यामुळे दिसले. हे काम बी.ए.वर झाले नसते. त्याला ती सगळी वर्षे लागली.

आता खर्चाचे. बुरूज बांधण्याआधी बसून हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, पण प्रवेशाच्या वेळी नेमका विसरतो. शिष्यवृत्ती आहे, ती घ्या, तो तुमचा हक्क आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. तिचा एक नियम मात्र नीट ऐका. एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात पुन्हा एम.ए. करायला ती मिळत नाही. म्हणजे वेळ काढायला म्हणून जो विषय घ्याल, त्यात ही संधी खर्ची पडेल, आणि खरा विषय सापडेल तेव्हा पैसे खिशातून भरावे लागतील. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्याजेवणासाठी आदिवासी विकास विभागाची स्वयम् योजना आहे. पीएच.डी.साठी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या वर्षाला ७५० अधिछात्रवृत्त्या आहेत. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे घरी पैसे पाठवता येतात.

पण शिष्यवृत्ती उशिरा येते. जूनमध्ये खोलीची अनामत भरायची असते आणि पैसे कधी पुढच्या उन्हाळ्यात खात्यावर पडतात. मधल्या काळात मूल काय खाते, हे कोणी विचारत नाही. शिवाय ज्या दोन वर्षांत तुम्ही कमावणार नाही त्यांचाही हिशेब धरा. महिना दहा हजारांची साधी नोकरी धरली तरी दोन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार होतात. घरात बहीण बारावीला असेल, बापाची कंबर गेली असेल, तर हा आकडा घरच्यांसमोर मांडा. लपवू नका. कदाचित आई म्हणेल, “जा तू, बघू आम्ही.” कदाचित म्हणणार नाही. तिला विचारा तरी.

नोकरी धरली म्हणजे शिक्षण संपले असेही नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून काम करता करता एम.ए. होते. दोन वर्षे शेतावर, दवाखान्यात, बँकेत काम करून मग गेलात तर कशासाठी चाललो हे पुष्कळदा अधिक स्पष्ट असते. जेआरएफला वयाची अट ३० ची आहे, तुम्हांला त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. तेव्हा घाईने श्वास कोंडायचे कारण नाही.

मंडळीतील बंधुभगिनींना आणि देणगीदारांना एक विनंती आहे, रागावू नका. आपण पदवीधरांना शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, तो या वार्तापत्रात छापतो. मुलाला शालीची गरज जूनमध्ये नसते. त्याला प्रवेश परीक्षेची फी, मुंबई-पुण्याला जायचे भाडे आणि खोलीची पहिली अनामत लागते. सत्काराचे पैसे तिकडे वळवता आले तर पाहा. शिष्यवृत्ती जमा झाली की मूल ते परत करील, पुढच्या मुलासाठी. आणि ज्याने विचार करून नोकरी धरली त्याचेही नाव त्याच रविवारी, त्याच आवाजात घ्या.

बालवाडीतल्या त्या मुलीला मी गेल्या महिन्यात भेटले आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. ती म्हणाली, “मॅडम, वही आहे अजून.” पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवली, पुढची पाने भरलेली होती. ती आता ३४ वर्षांची आहे, दोन मुले आहेत. एम.एस.डब्ल्यू.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. घरी अजून होकार नाही. नवरा आज इथे आला आहे, मागच्या रांगेत बसला आहे, त्याच्याशी मी जेवणानंतर बोलणार आहे.

ज्यांना आपला हिशेब मांडायचा असेल त्यांनी तीन वाजता व्हरांड्यात या. येताना गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आणा. वैधता प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर तेही सांगा, सोमवारी सकाळी कार्यालयात जायला माझी गाडी आहे.