कर्जमुक्त घर आणि भरलेले ताट

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



आज आम्ही बोलणार आहोत ते क्रेडिट कार्डाच्या देण्याबद्दल आणि घरातल्या स्वयंपाकाच्या खर्चाबद्दल. समितीतले काही जण म्हणाले, वर्धापनदिनाला हा काय विषय झाला? धम्मावर बोला. तेव्हा एवढेच सांगतो की, अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख आहे. म्हणजे कुणाचे थोडेही देणे नसल्याचे सुख. विषय विहाराबाहेरचा नाही.

आमचा जन्म गिरणीत गेला. सूतखात्यात रिंगफ्रेमवर उभे राहून आम्ही जे काही वाचले, ते पाळी सुटल्यावर वाचले. १९३१ साली हिंदुस्थानातील कामगारांविषयी रॉयल कमिशनचा अहवाल आला. त्यात लिहिले आहे की, बहुतेक औद्योगिक शहरांत कामगारांची निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन उभा राहायचा, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. वाण्याची वही वेगळीच.

आता काठी गेली, वहीही गेली. मॉलमध्ये टेबल मांडून बसलेला एक टाय घातलेला पोरगा येतो. तो आपल्याच वस्तीतला असतो बरे का, त्यालाही महिन्याचे टार्गेट असते. पगाराची चिठ्ठी आणि आधार कार्ड घेतो, ‘काका, लाइफटाइम फ्री आहे’ म्हणतो. कार्ड फुकट असते हे खरे. पैसा फुकट नसतो. दर ऐकायला बारीक वाटतो, महिन्याला साडेतीन टक्के किंवा थोडा वर. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून रुपयाला महिना चार पैशांच्या वर जाते. आजोबांना आणा पडत होता, म्हणजे सव्वासहा पैसे. नव्वद वर्षांत एवढाच फरक पडला.

आणि हा दर कुठे अडवलेला आहे असेही समजू नका. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे अनुचित ठरवले होते. तो निकाल सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणून सांभाळायचे ते आपणच.

आता बिल कसे वाचायचे ते सांगतो, कारण बिलावर दोन आकडे असतात आणि आपली माणसे लहान आकडा वाचतात. मोठा आकडा म्हणजे एकूण देणे. लहान म्हणजे किमान भरणा. मुदतीच्या आत पूर्ण देणे भरले तर व्याज शून्य. थोडेही मागे ठेवले की ती सवलत गेली. राहिलेल्या रकमेवर व्याज लागतेच, पण पुढे जी नवीन खरेदी कराल तिच्यावरही खरेदीच्या दिवसापासून लागते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळा आकार.

समजा ४०,००० रुपये थकले आहेत. महिन्याचे व्याज १,४०० आणि जीएसटी २५२, मिळून १,६५२. आपण २,००० भरले की मुद्दल कमी झाले फक्त ३४८. कार्ड पुन्हा वापरलेच नाही आणि दरमहा २,००० भरत राहिलो, तरी ढोबळ हिशेबाने ४४ महिने लागतात आणि सुमारे ८६,००० जातात. ३,००० भरले तर २० महिने. ५,००० भरले तर १० महिने, आणि एकूण ५०,००० च्या आत सुटका. हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला तेव्हा मागे बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, ‘म्हंजे आम्ही दोन वर्सं नुसतं व्याजच भरलं की!’ त्यांचे घर पुढे कसे सुटले ते त्यांच्याच परवानगीने सांगतो. नाव सांगत नाही.

घरात पाच माणसे. मालक कापडाच्या दुकानात, मुलगा कंत्राटी कामावर. दोघांचे मिळून ३१,०००. धाकटी मुलगी बारावीला, आजीला रक्तदाबाच्या गोळ्या. कार्ड मुलाच्या नावावर. वडिलांच्या ऑपरेशनला निम्मे गेले, त्यात कुणाचा काही दोष नाही. बाकीचे मोबाईल आणि दर महिन्याचे किराणा सामान. किराणा कार्डावर आणायचा, किमान भरणा करायचा, पुन्हा किराणा कार्डावर. ज्वारी खाऊन संपली, भांडी घासून झाली, आणि तिचे व्याज पुढच्या वर्षीही चालूच.

वसुलीचे फोन सुरू झाले तेव्हा मावशींनी काय केले? बाईमाणूस जे करते तेच. दूध अर्धा लिटर कमी केले, डाळीत पाणी वाढवले आणि स्वतः रात्री नुसता भात-मीठ खाल्ले, तेही सगळ्यांचे झाल्यावर. घरात कुणाला पत्ता नाही. एके दिवशी महिला मंडळाच्या बैठकीत चक्कर आली, तेव्हा कळले. बंधूंनो, ह्या सभेत किती घरांत अशी बचत चालू आहे, हे आपापल्या घरी जाऊन विचारा. हप्ता फेडायला आईचे ताट गहाण टाकायचे असेल, तर ती सावकारीच झाली, कागद बँकेचा असला म्हणून काय!

महिला मंडळाच्या मुलींनी त्यांना शंभर पानी वही दिली. एक महिना काही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. महिनाअखेर बेरीज केली. भाडे ५,०००, वीज आणि गॅस १,९००, क्लास २,५००, जाणे-येणे व मोबाईल २,६००, गोळ्या १,२००, खाणेपिणे ११,५००. एकूण २४,७००. मग ६,३०० उरायला हवे होते, ते गेले कुठे? सापडले: आहेर, गुटखा, लॉटरी, कुणाच्या वाढदिवसाचा केक. आणि खाण्याच्या ११,५०० मध्येही २,३०० होते ते पार्सलचे आणि थंड बाटल्यांचे. चुलीवर शिजलेले ९,२०० चेच.

त्यांनी आधी कार्ड कुलपात घातले. पगाराच्या दिवशीच, एक पैसा मोडायच्या आत, ५,००० कार्डाला. किराणा रोखीने. घरच्या स्वयंपाकाचे ९,२०० ठरले ते ठरले, त्याला हात लावायचा नाही. पार्सल महिन्यातून दोनदा, ८०० च्या आत. पोरांचे तोंड अगदीच बांधून चालत नाही. उरले ते डब्यात, दवाखान्यासाठी.

त्याच ९,२०० मध्ये ताट सुधारले, हे आमच्या बायामाणसांचे खरे कर्तृत्व. त्यांचे प्राधान्य कुटुंबाचे रेशनकार्ड होते, पण दोन जणांची ई-केवायसी राहिली होती आणि रांगेची लाज म्हणून धान्य उचलतच नव्हते. माणशी पाच किलो, म्हणजे पाच माणसांचे २५ किलो गहू-तांदूळ, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हक्काच्या धान्याची लाज कसली? सोलापुरात शाळूची सुगी फेब्रुवारी-मार्चात होते. तेव्हा तीन घरांनी मिळून ज्वारी पोत्याने घेतली, ऊन दाखवून कडुलिंबाचा पाला घालून ठेवली. रोजची तेलाची पिशवी आणि दहा रुपयांच्या पुड्या बंद, महिन्याचे सामान एकदम. तूर परवडेना तेव्हा मसूर, मटकी, हुलगे, चवळी आलटून पालटून. शेंगाचटणी तर आपल्या घरची. डब्याला कडक भाकरी. संध्याकाळी बाजार उठताना पालेभाजी. आठवड्यातून दोनदा अंडी, एकदा सुकट. मटण पंधरा दिवसांनी, पण पोटभर.

आणि एक नियम मुलीने घातला: सगळ्यांची ताटे एकदम वाढायची, आईचे सुद्धा. पहिले चार दिवस मालक जरा घुश्श्यात होते, मग रुळले.

दहा महिन्यांत कार्ड फिटले, शेवटचा भरणा तर पाच हजारांहून थोडा कमीच आला. ज्यांना दरमहा पाच हजार जमत नाहीत त्यांनी कामगारांच्या पतपेढीत चौकशी करावी. १२ टक्क्यांनी ४०,००० एका वर्षाला मिळाले, तर हप्ता सुमारे ३,५५० पडतो. मात्र ते पैसे थेट कार्डात भरा आणि कार्ड बंद करा, नाहीतर दोन कर्जे उरावर. एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने फेडणे म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. बँक थकलेली रक्कम हप्त्यांत बदलून देते, तिथे दर सहसा कमी असतो. पण प्रक्रिया शुल्क किती आणि एकूण किती भरायचे, ते आधी लेखी घ्यावे.

आता फोनवाल्यांबद्दल. देणे आपले आहे, ते द्यायचेच. अपमान सोसणे त्यात येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे की, वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांसमोर बेअब्रू करू नये. आपल्याकडे एका घरी नामकरणाच्या दिवशी माणूस दारात उभा राहिला होता. अशा वेळी तारीख, वेळ, फोन नंबर वहीत लिहा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ असा फोन आला तर घाई नको. सिबिलच्या कागदावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घराचे कर्ज मागताना तोच आडवा येतो. ज्याचा इलाजच नाही त्याने करावे, पण बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय रुपया देऊ नये. पूर्ण फेडल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले नाही, तर पुढे दिवसाला ५०० रुपये बँकेने आपल्याला द्यायचे, असा नियम आहे. मावशींच्या मुलाचे कार्ड सहाव्या दिवशी बंद झाले. आम्हाला उगीच वाटले, दोन दिवस उशीर झाला असता तर बरे!

लग्न-आहेरावर बोलायचे होते, पण भोजनदानाची वेळ झाली आहे आणि उपासिका केव्हाच्या वाढायला खोळंबल्या आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच हिशेबाला बसायचे आहे. येताना तीन महिन्यांची बिले, रेशनकार्ड आणि एक कोरी वही आणा. ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याने आईला किंवा घरच्या बाईला बरोबर घेऊन यावे, एकट्याने येऊ नये. बिल इंग्रजीत आहे म्हणून अडू नका, कॉलेजची चार मुले वाचून दाखवायला बसणार आहेत.

जय भीम.