युद्धकाळ आणि ग्रंथालय
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हाला ग्रंथालयावर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. आम्ही गिरणीत राबलेली माणसं. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकड्यावर बसूनच. पण आज पुस्तकांचं नुसतं कौतुक करणार नाही. लढाई पेटली की पुस्तकांचं काय होतं आणि ती कुणी राखायची, यावर बोलणार आहोत.

१९१७ साली पहिलं महायुद्ध चालू होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठवली होती. ती बोट टॉर्पेडोने बुडवली आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. बाबासाहेबांनी पुन्हा पुस्तकं जमवली, आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांसाठीच.

बोट शत्रूने बुडवली. पण युद्धात आपलीच माणसंही पुस्तकांवर उठतात. त्याच काळात अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, तेव्हा तिथल्या कित्येक वाचनालयांनी जर्मन पुस्तकं कपाटांतून काढून टाकली. काही ठिकाणी ती जाळलीसुद्धा. पुस्तकांनी काय गुन्हा केला होता? त्यांची भाषा शत्रूची होती, एवढंच! नंतर त्याच देशातल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ साली, दुसरं महायुद्ध तोंडावर असताना, जाहीरनामा केला. लेखकाचा वंश, देश, धर्म किंवा राजकीय मत पाहून पुस्तक निवडू नये. वादाच्या प्रश्नावर सर्व बाजूंचं साहित्य ठेवावं, असा त्याचा आशय आहे. शांततेत हे पाळणं सोपं आहे. खरी कसोटी युद्धात लागते.

आता बौद्ध म्हणून आपल्याला झोंबणारी गोष्ट सांगतो. ती श्रीलंकेची आहे. १९५० साली बाबासाहेब तिथे बौद्धांच्या जागतिक परिषदेला गेले होते. आपला त्रिपिटक प्रथम लिहून काढला गेला तोही त्याच बेटावर, मातलेजवळच्या अलुविहारात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. तोवर सगळं भिक्खूंना तोंडपाठ होतं. पण परकीय आक्रमण झालं, दुष्काळ पडला. पाठ असलेले भिक्खूच मेले तर धम्म कुठून मिळणार? म्हणून ते वचन ताडपत्रावर उतरवलं गेलं. म्हणजे आपला ग्रंथ लिहिला गेला तोच मुळी लढाईच्या धामधुमीत!

त्याच बेटाच्या उत्तर टोकाला जाफना हे तमिळ लोकांचं शहर आहे. १९३३ साली के. एम. चेल्लप्पा या गृहस्थांनी स्वतःच्या घरातून लोकांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. त्यातून सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा सल्ला घेतला गेला आणि १९५९ साली मोठी इमारत खुली झाली. १९८१ साली निवडणुकीच्या सभेत पोलिसांवर गोळीबार झाला. त्यानंतर ३१ मेच्या रात्रीपासून पोलीस आणि त्यांच्याबरोबरच्या जमावाने शहरात जाळपोळ केली. त्यात हे ग्रंथालय जाळलं. सुमारे ९७ हजार ग्रंथ गेले, ताडपत्रावरच्या पोथ्याही गेल्या. सत्ता सिंहली बौद्ध बहुसंख्यांची होती. ज्या ताडपत्रावर धम्म वाचला, तेच ताडपत्र दुसऱ्याचं म्हणून जळालं!

एम. ए. नुहमान या तमिळ मुस्लिम कवीने यावर कविता लिहिली. तिच्यात त्या ग्रंथालयाच्या पायरीवर खुद्द बुद्धच गोळ्या लागून मरून पडलेले दिसतात. तो कवी बौद्ध नव्हता. तरी बुद्ध कुणाच्या बाजूला उभे होते हे त्याला कळलं होतं.

पुढे १९८३ ला उघड यादवी सुरू झाली, ती २००९ पर्यंत चालली. दुरुस्त केलेल्या ग्रंथालयाचं लढाईत पुन्हा नुकसान झालं. आणि विचारावर घाला फक्त एका बाजूने झाला नाही. जाफना विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरानगमा यांनी सहकाऱ्यांबरोबर पुस्तक लिहून सरकारी फौजांचे आणि तमिळ बंदूकधाऱ्यांचेही अत्याचार नोंदवले. २१ सप्टेंबर १९८९ ला त्यांना गोळ्या घालून मारलं. ग्रंथालय नंतर पुन्हा बांधलं, वाचकांसाठी उघडलं. २०१६ साली पंतप्रधानांनी संसदेत त्या आगीबद्दल माफी मागितली. पण जळालेली पोथी माफीने परत येत नाही.

आता कुणी म्हणेल, "बाबासाहेबांनी तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. मग?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तिथे माणसाला पाण्याला शिवू न देणारा कायदा उघडपणे, सभा भरवून, ठराव करून जाळला. कुणाचं कपाट फोडलं नाही, कुणाला वाचायची बंदी केली नाही. उलट बाबासाहेब आयुष्यभर मनुस्मृती वाचत राहिले, ग्रंथांत तिचे दाखले देत राहिले. विरोधकाचं पुस्तक वाचल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. सत्तेच्या जोरावर दुसऱ्याचं ग्रंथालय पेटवणं आणि महाडचं दहन यांना एका मापाने मोजू नका.

विहारातल्या कपाटाबद्दलही कधीकधी सूर निघतो, "विरोधकांची पुस्तकं इथे कशाला?" आम्ही म्हणतो, असू द्या. कालाम सुत्तात भगवंतांनी परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून मानू नका, तपासून घ्या असं सांगितलं. तपासायचं तर समोर दोन्ही बाजू हव्यात. सीमेवर तणाव वाढला, गावात दंगा झाला की पहिली हाक येते, "हे पुस्तक काढा, तो पेपर बंद करा." त्या दिवशी आपल्या ग्रंथपालाच्या पाठीशी उभं राहायचं, हे आजच ठरवून ठेवा. त्या दिवशी ठरवायला वेळ मिळत नाही.

आणि एक विनंती. कपाटाची किल्ली एकाच घरी अडकवून ठेवू नका. संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडा. नोंदवही ठेवा. पोरींना, सुनांना पुस्तक घरी नेऊ द्या. आग एका रात्रीत जाळते, कुलूप आणि वाळवी तेच काम दहा वर्षांत करतात.

एवढं बोलून आम्ही रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!