टाकलेल्यांचें आडनांव

आडनांव म्हटलें कीं त्यामागें गांव, धंदा किंवा एखादा पूर्वज असावयाचा. इटलींतील 'फेरारी' हें लोहारकामावरून पडलें, 'रॉस्सी' तांबूस केसांवरून. परंतु नेपल्स शहरांत सर्वांत अधिक आढळणारें 'एस्पॉझितो' हें आडनांव निराळें आहे. त्याच्यामागें ना गांव, ना धंदा, ना पूर्वज!

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला', म्हणजे टाकून दिलेला. नेपल्समधील अनुन्झियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतींत लांकडाचें एक फिरतें पिंप बसविलेलें होतें. एखादी असहाय माता आपलें अर्भक त्यांत ठेवी. पिंप फिरे, मूल आंत जाई, आणि मातेचें तोंड आंतल्यांना दिसत नसे. अशा मुलांच्या नांवापुढें 'एस्पॉझितो' लागे. फ्लॉरेन्समध्यें अशाच मुलांना 'इन्नोचेंती', म्हणजे निष्पाप, म्हणत; मिलानमध्यें तेथील रुग्णालयाच्या चिन्हांतील कबुतरावरून 'कोलोंबो'.

हें आडनांव जन्माची कहाणी चारचौघांत सांगून टाकी. म्हणून १९ व्या शतकांत तें नव्यानें देण्याची चाल कायद्यानें बंद केली. नेपल्सचें पिंपही १८७५ सालीं थांबलें. पण तोंवर त्या मुलांचे संसार उभे राहिले होते. त्यांचीं मुलें-नातवंडें तेंच आडनांव लावीत राहिलीं, आणि आज तें तेथें आपल्याकडील जाधव-पाटलांइतकें परिचित आहे.

ज्यांना कुळ नव्हतें, त्यांचेंच कुळ त्या शहरांत सर्वांत मोठें झालें. तें नांव उच्चारतांना आतां कोणाची मान खालीं जात नाहीं.