परसातला हापूस आणि माझा टायमर
(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर मी ऑफिसात रोज बोलते आणि तिथे मला त्याचे पैसे मिळतात. इथे मला आमच्या परसातल्या झाडांबद्दल बोलू द्या. पलीकडे जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, "बरं, पण दहाच मिनिटं." तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवूनच बोलते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आमचं घर आठवत असेल. शाळा सुटल्यावर आमच्याकडे पाणी प्यायला येण्याच्या निमित्ताने किती जणांनी रातांबे आणि कैऱ्या खिशात घातल्या, ते मी इथे नावानिशी सांगत नाही, कारण आज काहींची मुलं सोबत आली आहेत. घरामागच्या वाडीत तीन हापूस, चौदा नारळ, साठेक पोफळी, एक कापा फणस, दोन रातांबे आणि विहिरीजवळ शेवगा. दाराशी सर्वांत जवळचा हापूस अण्णांनी १९८०मध्ये लावला. माझा जन्मही त्याच वर्षीचा. त्यामुळे लहानपणी मला ते झाड भावंडासारखं वाटायचं, आणि अण्णा त्याची चौकशी माझ्यापेक्षा जास्त करतात असंही वाटायचं.

३ जून २०२० हा दिवस या सभागृहात कुणाला सांगावा लागणार नाही. निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पण त्याआधी आपल्या तालुक्याला झोडपून गेलं. मी पुण्यात होते. टाळेबंदी चालू, फोन बंद, वीज बंद. प्रवासाचा पास काढून घरी पोहोचायला मला आठवा दिवस उजाडला. ताम्हिणी उतरून जसजशी गाडी पुढे यायला लागली तसतसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त आडवं झालेलं हिरवं दिसत होतं. घरी आले तर अण्णा पडवीत बसलेले. कौलं उडालेली होती, त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "पोफळी अकरा राहिल्या." मोजून ठेवल्या होत्या त्यांनी. नारळ पाच उभे. दोन हापूस मुळासकट उपटलेले. आणि दाराजवळचा हापूस अर्धा चिरफाळून उभा.

जो येईल तो सांगायचा, तोडून टाका, घरावर पडेल. अण्णा हो म्हणायचे नाहीत आणि नाही म्हणायचे नाहीत. शेवटी आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारे तात्या झाडावर चढले. मोडकी फांदी त्यांनी चिरफळीच्या खालून, निरोगी लाकडापर्यंत येऊन करवतीने साफ कापली. घरावर कललेला भार उतरवला. जखमांना बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं लोखंडाचं नको. हे प्रमाण मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं त्या घरची मुलगी असून कळलं नव्हतं.

गणपतीपर्यंत खोडाला फूट आली. सगळ्यांत जोमदार धुमारा अगदी बुंध्यातून, जमिनीजवळून आला होता. मी आनंदाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अण्णांनी फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी तो धुमारा कोयतीने उडवला. मी जवळजवळ भांडलेच. तर म्हणाले, "अगो, तो कलमाच्या खालचा. तो हापूस नव्हे, खुंट. रायवळ आहे तो. त्याला वाढू दिलास तर वरचा उपाशी मरेल." आपल्याकडचं प्रत्येक हापूसचं झाड म्हणजे रायवळाच्या मुळांवर बसवलेली हापूसची काडी, हे पुस्तकात मी वाचलं होतं. आपल्या दारातल्या झाडाला ते लागू आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून काम घरून करता येत असल्यामुळे मी महिन्यातला एक आठवडा इकडे यायला लागले. झाडांचं वर्ष मी तेव्हा शिकले. ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांची घरं आता इथे बंद आहेत आणि झाडं मात्र उभी आहेत.

झाडाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. आंबे उतरले की वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढायच्या, मध्यावर ऊन उतरलं पाहिजे. बांडगूळ दिसलं तर नुसतं ओरबाडून चालत नाही, ते फांदीच्या आत रुजलेलं असतं. ते जिथे चिकटलं आहे त्याच्या खालून फांदी कापावी लागते. पावसाच्या सुरुवातीला खत, तेही बुंध्याशी नाही. झाडाचा विस्तार जिथे संपतो तिथे, सावलीच्या कडेने गोल चर काढून. अन्न घेणारी बारीक मुळं तिथे असतात. मोठ्या झाडाला पन्नास किलो शेणखत. मी पहिल्या वर्षी ते बुंध्याशी ढीग करून ओतलं होतं, तात्यांनी न बोलता फावड्याने परत ओढलं.

भर पावसात पोफळीच्या शिंपुटांना कोळे रोगापासून जपायचं, म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी. नारळाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरला की नवीन झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कापलेली निघते. तशी दिसली की वर चढून तारेच्या आकड्याने भुंगा काढायचा. भुंगे वाढतात ते शेणखताच्या खड्ड्यात, त्यामुळे खड्डा उपसून अळ्या वेचायच्या. कोंबड्यांना त्या फार आवडतात.

आणि मग येतो ऑक्टोबर. माझी चूक ऑक्टोबरमधली आहे.

२०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षं झाडाला आंबा नव्हता. इतकं तोडलेलं झाड, ते आधी स्वतःला सावरणार, हे समजत होतं. पण अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते, त्यांचं हृदय थकलेलं होतं, आणि मला घाई झाली होती. मी इंजिनिअर. अडचण दिसली की उपाय बसवायचा ही सवय. ऑक्टोबर २०२२मध्ये मी ठिबकची नळी आणली, टायमर बसवला, मातीत ओलाव्याचा सेन्सर पुरला आणि सगळं मोबाइलला जोडलं. पुण्यात मीटिंग चालू असताना मला इथली माती कोरडी झाल्याचं कळायचं आणि पाणी आपोआप सुरू व्हायचं. ऑफिसात मी ते सगळ्यांना दाखवत असे.

अण्णा पायरीवर बसून ती नळी बघत होते. म्हणाले, "आता पाणी कशाला? ताण बसू दे त्याला." मी म्हटलं, "अण्णा, माती पार कोरडी आहे, सेन्सर सांगतोय." ते म्हणाले, "कोरडी असू दे की." मी आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा बघितला आणि पुढे काही बोलले नाहीत.

डिसेंबरात मी आले तर झाड तांबूस, लुसलुशीत पालवीने भरलेलं. मी खूश. म्हटलं, "बघा, किती सुंदर फुटलंय!" अण्णा म्हणाले, "हो. पालवी आहे." शेजारच्या वाडीत झाडांवर मोहराची बोंडं दिसत होती. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आमच्या झाडाला एक तुरा आला नाही.

मग मी विचारायला गेले. आपल्या इथेच दापोलीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे आणि मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा प्रश्न घेऊन त्याच्या फाटकात शिरले. तिथे मला शांतपणे समजावलं. पाऊस थांबल्यावर जमीन सुकते, झाडाची वाढ थांबते, पानं जून होतात, आणि मग थंडी पडली की त्या थांबलेल्या डोळ्यांतून मोहर येतो. त्या दिवसांत पाणी देत राहिलं की झाड थांबतच नाही, डोळ्यांतून पानं काढतं. पाणी द्यायचं ते फळ वाटाण्याएवढं झाल्यावर. पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, दर वेळी दीडशे-दोनशे लिटर, आणि काढणीच्या महिनाभर आधी बंद. आमच्या झाडावर छाटणीचाही परिणाम असेल, सगळा दोष पाण्याचा नाही, असंही ते म्हणाले. ते त्यांचं मोठेपण. मला मात्र सेन्सरचा आकडा आणि अण्णांचा चष्मा आठवत राहिला. सेन्सरने खोटं काही सांगितलं नव्हतं. माती खरोखर कोरडी होती. ती कोरडी असणं ही बिघाडाची खूण आहे, हे मी ठरवलं होतं.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

२०२३च्या पावसात अण्णा गेले.

त्या ऑक्टोबरात मी टायमर काढून पडवीच्या फळीवर ठेवला. गवत काढलं आणि झाडाला काही म्हणजे काही दिलं नाही. पानं दुपारी जरा मलूल दिसायची, तेव्हा मी घरात जाऊन बसायचे. आई म्हणायची, "तू काही न करता बसलेली मी पहिल्यांदाच बघत्ये." जानेवारीत, थंडीच्या दिवसांत, दक्षिणेकडच्या फांदीवर मोहर आला. मोहराजवळ गेलं की तुडतुड्यांचा तडतड आवाज येतो का, पानं चिकट लागतात का, हे बघायला तात्यांनी शिकवलं. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारायचं नाही, माश्या आणि मधमाश्याच तर फळ धरवतात. वाटाणा, गोटी, अंडं अशी फळं वाढली. पुष्कळ गळाली. झाडाखाली मी वाळलेल्या पाल्याचं आच्छादन पसरलं, कारण तापलेल्या जमिनीची धग लागली की हापूसमध्ये साका होतो.

मे २०२४मध्ये चौदा आणे तयार झालेले आंबे आम्ही सकाळच्या गारव्यात झेल्याने, देठ ठेवून उतरवले. चीक सालीवर पडू द्यायचा नाही. त्रेचाळीस निघाले. पेंढ्यात आढी घातली. पहिला आंबा आईने अण्णांच्या फोटोपुढे ठेवला आणि मग कापून तात्यांच्या हातात पहिली फोड दिली. माझ्या हातात कोय आली, लहानपणी यायची तशीच.

हे सगळं मी इथे का सांगते आहे? कारण परवा मी शाळेच्या आवारात फेरी मारली. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येकाला एक रोप वाटून दिलेलं होतं, आठवतं? विहिरीपासून रांग करून बादली पुढे सरकवायचो. त्यातली वादळात किती गेली ते तुम्ही येताना पाहिलंच असेल. त्या जागी गेल्या चार वर्षांत तीनदा रोपं लावली गेली, असं शिपाईकाका सांगत होते. दर वेळी जुलैत, फोटोसकट. आणि दर वेळी मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, ती वाळली. मोठ्या झाडाला ऑक्टोबरात तहान लागू द्यायची असते, पण नव्या कलमाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणीही लागतं आणि सावलीही.

म्हणून आपल्या तुकडीच्या निधीतून रोपं घेऊ नयेत, अशी माझी विनंती आहे. रोपं शाळेला मिळतात. आपण तीन उन्हाळ्यांचं पाणी देऊ या. फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून दोनदा पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी, कुंपणाला काटेरी झाप, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत महिन्याला एकदा जाऊन बघणारा आपल्यातला एक जण. गावात राहणारे आपण नऊ जण आहोत, पुण्या-मुंबईहून येणारे वीसेक. यादी मी केली आहे, चहाच्या टेबलावर ठेवली आहे, नावासमोर महिना लिहायचा. मे महिना कुणी घेत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तो मी माझ्या नावावर लिहून ठेवला आहे.

टायमर अजून आमच्या फळीवर आहे. तो शाळेला द्यायची माझी तयारी आहे. फक्त तो कधी बंद ठेवायचा, हे सांगायला मी सोबत येईन.

दहा मिनिटं केव्हाच झाली.